उलट्या अक्षरांचे इनासकाका

इनासकाकांच्या घरातल्या मेड्स रूममध्ये मोलकरीण कधी राहिलीच नाही. इकडच्या, दुबईतल्या फ्लॅटांत स्वयंपाकघराला लागून ही एक बिनखिडकीची खोली असते. एक माणूस पाय पसरून झोपला की खोली संपली. आमच्यासारखे लोक तिच्यात रिकाम्या सुटकेसा आणि गावी न्यायच्या सामानाची खोकी कोंबून ठेवतात. काकांनी मात्र तिथं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी बाक बसवला होता. बाकावर धातू पकडून ठेवायचा एक छोटा व्हाइस, वाकत्या मानेचा दिवा, एक संगमरवरी फरशीचा तुकडा, कोपऱ्यात हाताने दाबायचा लोखंडी प्रेस. डोक्याच्या उंचीवर तार बांधलेली, आणि तारेवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावलेले चामड्याचे तुकडे. प्रत्येकावर एक ठसा उमटवलेला. कुणाचं नाव, कुठे घोड्याचं डोकं, कुठे खजुराचं झाड. एसीची हवा त्या खोलीपर्यंत पोचायची नाही. जुलै-ऑगस्टात बाहेर रस्ता वितळायला आलेला असताना काका बनियनवर, मानेभोवती ओला टॉवेल टाकून, एका डोळ्याला भिंग लावून पितळ कोरत बसलेले असायचे.

इनास तुस्कानो. मूळचे वसईचे. तीस वर्षांपूर्वी दुबईत आले ते बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, म्हणजे आम्ही सगळे ज्याला डीआयपी म्हणतो तिथं, कंपनीनेच त्यांना फ्लॅट दिला होता. बायको मॅगीकाकू, एका क्लिनिकच्या रिसेप्शनवरून निवृत्त झालेल्या. एकुलती मुलगी लग्न होऊन कॅनडाला. दिवसभर कारखान्यात साचे दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन चहा झाला की मेड्स रूममध्ये शिरायचं, हा त्यांचा क्रम. चामड्याचे पट्टे, पाकिटं, खोगिरं, वह्यांची कव्हरं करणारे लोक त्यांच्याकडून ठसे कोरून घ्यायचे. जाहिरात नाही, पाटी नाही. कुणीतरी कुणाला तरी सांगायचं.

मलाही वॉचमननेच सांगितलं. मी इंटिरियरची कामं करणाऱ्या कंपनीत परचेस ऑफिसर. एका हॉटेलच्या मेन्यूकार्डांना चामड्याची कव्हरं करून द्यायची होती आणि सप्लायरने केलेला लोगोचा ठसा भलताच निघाला होता. जीएमसाहेब डोक्यावर बसले होते. वॉचमन म्हणाला, "साब, फर्स्ट फ्लोर में स्टॅम्प अंकल है ना!" मी तिसऱ्या मजल्यावर दोन वर्षं राहत होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं.

काकांनी माझ्या हातातलं ड्रॉइंग घेतलं, दिव्याखाली धरलं.

"काय नाव आहे हॉटेलचं? वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. अरबी नाव होतं, इंग्रजी अक्षरांत.

"अर्थ काय?"

"माहीत नाही, काका."

"दोनशे कव्हरांवर ठोकणार आणि अर्थ माहीत नाही? उद्या विचारून ये. मग कोरतो."

मला राग आला होता, पण दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातल्या सुदानी सहकाऱ्याला विचारून आलो. त्या शब्दाचा अर्थ होता, वाळवंटात रात्री पाहुण्यांना दिसावी म्हणून पेटवलेली आग. काका खूश झाले. "बघ, आता हात नीट चालेल." तीन दिवसांत ठसा तयार. तीनशे दिरहॅम, म्हणजे आपले जवळजवळ सात हजार. इतकी रेखीव अक्षरं मी आजवर पाहिली नव्हती.

ठसा कोरायचा म्हणजे सगळं उलटं कोरायचं, आरशात दिसतं तसं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे काकांना उलटं वाचणं सरळ वाचण्याइतकंच सोपं झालं होतं. लिफ्टच्या आरशात समोरच्या माणसाच्या टी-शर्टवरची अक्षरं ते सहज मोठ्यानं वाचायचे आणि तो माणूस दचकायचा. माझ्या मुलीचं, आर्याचं नाव त्यांनी एकदा बिलाच्या पाठीवर उलटं लिहून दिलं आणि तिला आरशासमोर धरायला लावलं. "अंकल, डू इट अगेन!" म्हणत तिने वर्गातल्या सगळ्या मुलींची नावं लिहून घेतली. मॅगीकाकू म्हणायच्या, "लग्नाआधी मला पत्र लिहिलं तेही उलटं. माझ्या बापाला वाटलं, पोरगा वेडा आहे. आरशात वाचलं तेव्हा म्हणाला, वेडाच आहे, पण अक्षर चांगलं आहे."

अरबी कोरायला काकांना विशेष आवडायचं. "अरबी उलटी केली की आपल्यासारखी डावीकडून उजवीकडे जाते. म्हणजे माझ्या बाकावर ती मराठीच!" हा त्यांचा आवडता विनोद. वर्षातून चार वेळा तरी ऐकवायचे आणि दर वेळी स्वतःच आधी हसायचे.

पण याच अरबीने त्यांना एकदा दगा दिला. ससाण्यांच्या डोक्यावर घालायच्या चामडी टोप्या बनवणारा एक म्हातारा अरब त्यांचं गिऱ्हाईक होता. सगळे त्याला बू हमद म्हणत. त्याच्या लाडक्या ससाण्याचं नाव बर्क, म्हणजे वीज. टोपीवर ते नाव हवं होतं, करंगळीच्या नखाएवढं. अरबीत त्या शेवटच्या अक्षरावर दोन टिंबं असतात. काकांच्या हातून एकच टिंब पडलं, आणि एका टिंबाने ते अक्षर ‘फ’ होतं. बू हमदने टोपीवर ठसा उमटवून पाहिला आणि दिवाणखान्यात बसल्या जागी हसत सुटला. त्याला हिंदी उत्तम यायची.

"इनास! ये बर्क नहीं, बर्फ हो गया! मेरा शाहीन ठंडा हो गया, हबीबी!"

मीही तिथं होतो. मीही हसलो. काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा पडला. बू हमद म्हणत होता, मालेश, चालेल, लोकांना सांगायला गोष्ट झाली. काकांनी त्याच्या हातातून ठसा घेतला, आत गेले, आणि कानशीने घासून सगळं नाव सपाट करूनच बाहेर आले.

"बू हमद, परसों आना. खलास."

तो गेल्यावर मी म्हटलं, "काका, तो तर खूश होता. कशाला घासलंत?"

"तो खूश होता रे. पण नाव त्याचं नाही, पाखराचं आहे. पाखराला कुठे वाचता येतंय? मग मीच बघायला नको?"

असल्या गोष्टींत ते फार हट्टी होते. एकदा एक माणूस परदेशी बॅगांच्या प्रसिद्ध कंपनीचं चिन्ह कोरून मागायला आला. किंमत काकाच सांगतील ती. काकांनी त्याला चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवताना सांगितलं, "आपला नाम लाओ, फुकट में बनाके देगा." मुलगी कॅनडाहून सारखी सांगायची, पपा, लेझर मशीन घ्या, पाच मिनिटांत काम. ते म्हणायचे, "पाच मिनिटांत काम झालं तर उरलेल्या संध्याकाळी मी काय करू? तुझ्या आईशी भांडू?" खोटं त्यांच्याच्यानं बोलवायचंच नाही. मॅगीकाकूंनी फोनवर कुणाला "ते घरी नाहीयेत" म्हणून सांगितलं, की हे आतून ओरडणार, "आहे, आहे!"

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. नाहीतर पुढचं कळणार नाही.

काका धातूचा माणूस. चामड्याचं त्यांना फारसं कळायचं नाही. ठसा तपासायला चामडं थोडं ओलं करावं लागतं. फार ओलं असलं तर कडा फाकतात, कोरडं असलं तर उमटत नाही. काकांचा हा अंदाज नेहमी चुकायचा. एका संध्याकाळी मी बाकाशी उभा होतो. त्यांचे तीन तुकडे वाया गेले होते, चौथा स्पंजने ओला करून त्यांनी बाजूला ठेवला होता. बोलता बोलता मी तो तुकडा उचलला आणि गालाला लावला. गार लागला, पण बोचरा गार नव्हता. "आता ठोका," मी म्हटलं.

काकांनी ठोकला. एकच ठोका. ठसा असा उमटला की अक्षराच्या आतली कोरणीची बारीक रेघसुद्धा दिसली.

त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि माझ्याकडे वळले. "हे गालाला लावायचं कुणी शिकवलं?"

मला थाप मारता आली असती. पण त्या खोलीत, त्या माणसासमोर ती सुचली नाही. मी सांगितलं. आमचं गाव कोल्हापूरजवळ. आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या चपला करतात. वडील कुंडीत चामडं भिजत घालायचे आणि आम्हा भावंडांना एकेक तुकडा गालाला लावून बघायला लावायचे. हात राबून निबर होतात, त्यांना ओल कळत नाही, गालाला कळते, असं ते म्हणायचे. मी डिप्लोमा करून बाहेर पडलो तो पुन्हा त्या ओट्यावर बसलो नाही. दुबईत बारा वर्षांत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या आडनावावरून काही कळत नाही. इथल्या मराठी मंडळात कुणी "कोल्हापूर म्हणजे नेमकं कुठलं गाव? घरचं काय असतं?" असं गोड आवाजात विचारलं, की मी "शेती" म्हणून मोकळा व्हायचो. ते काय विचारताहेत ते मला कळायचं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळत असणार.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग आत ओरडले, "मॅगी! चहा टाक. गुरुजी मिळाले आपल्याला."

त्या दिवसापासून मी त्यांचा चामड्याचा गुरुजी. एखादा मोठा ठसा तपासायचा असला की ते मला फोन करायचे. "गाल घेऊन ये." एवढंच बोलायचे आणि फोन ठेवायचे. मी ऑफिसचा शर्ट न बदलता खाली जायचो. माझ्या वडिलांबद्दल ते बारीकसारीक विचारायचे. वेणी कशी घालतात, वादी कशी कापतात, सुताशिवाय नुसत्या चामड्याच्या वादीने तळ कसा शिवतात. वडील जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यांच्या कामाबद्दल मी त्यांच्याशी कधी इतकं बोललो नव्हतो.

मग मंडळाचं ते प्रदर्शन आलं. दरवर्षी एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळ हस्तकलेचे स्टॉल लावतं. आकाशकंदील, पैठणीच्या कापडाचे बटवे, वारली चित्रं. काकांना न्यायची कल्पना माझीच. ते नको म्हणत होते. "आम्ही वसईवाले, आम्हाला कोण ओळखतं तिथं?" मीच हट्ट धरला, मीच टेबल बुक केलं, मीच त्यांचं सामान गाडीत घालून नेलं. मुलांसाठी चामड्याच्या पट्ट्या कापून नेल्या होत्या. आपलं नाव ठोकून किल्ल्यांची की-चेन न्यायची. मी पट्ट्या ओल्या करून गालाला लावून द्यायचो, काका मुलाच्या हातात मोगरी देऊन त्याचा हात धरून ठोकायचे. अर्ध्या तासात आमच्या टेबलाशी रांग लागली. काका नव्या शर्टात, घामाघूम, प्रत्येक मुलाला विचारत होते, "नावाचा अर्थ काय? माहीत नाही? आईला विचारून ये, जा!"

आमचे जीएमसाहेब मंडळाचे पदाधिकारी. ते दोन-तीन जणांना घेऊन आमच्या टेबलाशी आले. थोडा वेळ बघून म्हणाले, "वा, विलासराव! तुम्ही तर एक्स्पर्ट दिसताय. हे कुठे शिकलात?"

मी काही बोलायच्या आत काकाच बोलले. फार अभिमानाने बोलले. "त्याला नाही येणार तर कुणाला येणार, साहेब? त्याच्या घरी पिढ्यान्पिढ्या कोल्हापुरी चपला करतात. बापाचा हात आहे त्याला!"

साहेबांच्या शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या हातातल्या ओल्या चामड्याकडे.

मी हसलो. "काका काहीही सांगतात हो. आमची शेती आहे. हे सगळं यूट्यूब." इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "आमच्या गल्लीच्या टोकाला त्या लोकांची घरं होती. तिथं लहानपणी पाहिलं असेल कधी."

त्या लोकांची. हे शब्द माझ्याच तोंडून गेले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्यांच्या ढिगात काहीतरी शोधायला लागलो. मग त्यांचा आवाज आला, एकदम साधा. "माझीच गफलत झाली, साहेब. वय झालं. ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं, मी याच्यावर घातलं."

स्वतःसाठी जो माणूस कधी खोटं बोलला नाही, तो माझ्यासाठी बोलला. साहेब हसून पुढे गेले. मी पट्टी ओली करायला हात पुढे केला, तर काकांनी स्पंज आपल्याकडे ओढून घेतला होता. "तू बस. दमलास. मी करतो." उरलेले दोन तास त्यांनी स्वतःच चामडं ओलं केलं. अक्षरं फाकत होती, पुसट येत होती. मुलं तरीही आनंदाने नेत होती. मी खुर्चीवर बसून होतो.

परत येताना गाडीत मॅगीकाकू प्रदर्शनातल्या साबुदाणा वड्यांबद्दल बोलत होत्या. काका खिडकीबाहेर बघत होते. उतरताना म्हणाले, "थँक्यू, विलास. तुझा फार वेळ गेला." ते मला कधी थँक्यू म्हणत नसत.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. लिफ्टमध्ये भेटले की चौकशी करायचे, आर्याची, माझ्या बायकोची, सुजाताची. नाताळात कुस्वाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं ताट नेहमीसारखं वर आलं. फक्त "गाल घेऊन ये" असा फोन पुन्हा कधी आला नाही. दोनच मजल्यांचा प्रश्न होता. कितीदा ठरवलं, आज जायचं, सरळ म्हणायचं, काका, चुकलं. सुजाता म्हणायची, "जा ना. खाऊन टाकणार आहेत का?" एकदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. आतून पितळ कोरल्याचा बारीक किर्र आवाज येत होता. बेलवर बोट ठेवलं आणि परत जिना चढून आलो. अशी दीड-दोन वर्षं गेली.

मग कारखान्याने टूलरूम बंद केली. साचे आता बाहेरून तयार येणार होते. काकांचं वय झालेलंच होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि फ्लॅट कंपनीचा. तीस वर्षांचा संसार थोड्या आठवड्यांत आवरायचा. मॅगीकाकूंनी फोन केला, "विलास, एअरपोर्टला सोडशील का रे? टॅक्सीत एवढं सामान मावायचं नाही."

मी सकाळीच खाली गेलो. प्रेस बू हमदच्या माणसांनी आदल्या दिवशी नेला होता. मेड्स रूममध्ये बाकही नव्हता, भिंतीवर नुसती त्याची रेघ होती. काका दारात उभे राहून तिकडे बघत होते. मी म्हटलं, "काका..." ते म्हणाले, "चल, चल. यल्ला. उशीर होईल." आणि बॅग उचलून निघाले.

चेक-इनला बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या. काउंटरवरच्या मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला, हँडबॅगेत काही धारदार वस्तू? सगळे न ऐकताच "नो" म्हणतात.

"येस," काका म्हणाले. "सिक्स्टीन."

त्यांनी बॅगेतून कापडाची एक गुंडाळी काढून काउंटरवर उलगडली. सोळा कोरण्या. लाकडी मुठी तळव्याच्या घामाने काळ्या झालेल्या. सामानात हरवतील म्हणून त्यांनी त्या स्वतःजवळ ठेवल्या होत्या. मुलगी बिचारी घाबरली. केबिनमध्ये नेता येणार नाहीत, आणि मोठ्या बॅगा तर गेलेल्या. मागे रांग खोळंबली. काकांनी गुंडाळी पुन्हा बांधली आणि मागे वळून माझ्याकडे आले.

"कुणी वसईला जाणारा असला की त्याच्याबरोबर पाठव."

"मीच घेऊन येतो, काका. मला तुमच्याशी बोलायचंही आहे."

"पाठव," ते पुन्हा म्हणाले. "कुणीही चालेल." आणि गेले.

माझ्या ऑफिसात वसई-विरारकडचे चार जण आहेत. दर महिन्या-दोन महिन्यांनी त्यांतला कुणीतरी जातोच. गुंडाळी कुणाच्याही बॅगेत मावली असती. पण मला ती स्वतः न्यायची होती. समोर बसून, ती हातात देऊन, सगळं सांगायचं होतं. माफी मागायला काहीतरी निमित्त हातात हवं होतं, आणि ते मी दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नव्हतो. महिन्यातून एकदा कोरण्यांना तेलाचा हात फिरवायचो आणि पुन्हा कपाटात ठेवायचो.

एप्रिलची रजा प्रोजेक्टमुळे गेली. मग आर्याची परीक्षा. मग तिकिटं महागली. काकांचा फोन यायचा. एकदा म्हणाले, "चर्चमधल्या जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकांना नवी कव्हरं घालतायत रे. फादरनी मला ठसा करायला सांगितलाय. पितळ आणून ठेवलंय. कुणी येतंय का तिकडून?"

"मीच येतोय काका, पुढच्या महिन्यात. नक्की."

"इन्शाल्ला," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फादरनी शेवटी मुंबईहून लेझरचा ठसा करून आणला. हे मला मॅगीकाकूंनी नंतर सांगितलं, आणि त्याच फोनवर सांगितलं की काकांना लकवा मारला, उजवी बाजू गेली.

मी वसईला पोचलो तेव्हा त्यांना दुबई सोडून अकरा महिने झाले होते. काका पडवीत खुर्चीवर बसले होते. बारीक झालेले. उजवा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. बोलणं संथ होतं, पण स्पष्ट. मी गुंडाळी त्यांच्या पुढ्यात ठेवली. काकूंनी ती उलगडली. काकांनी डाव्या हाताने एकेक कोरणी उचलून उजेडात धरली.

"तेल लावत होतास?"

"हो."

"चांगली ठेवलीस."

मग मी बोललो. विमानात पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, की त्या दिवशी हॉलमध्ये मी खोटं बोललो, आमच्या घरी चपलाच करायचे, वडील आणि आजोबा दोघंही, आणि मला त्याची लाज वाटली, आणि नंतर त्या लाजेची लाज वाटत राहिली. तुम्हाला माझ्यापायी खोटं बोलावं लागलं.

काकांनी ऐकून घेतलं. हातातल्या कोरणीचं टोक उजेडात फिरवून पाहिलं.

"मला कशाला सांगतोस? मला तर माहीतच होतं." मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तिथं सांगायचं होतंस. त्या हॉलमध्ये. तुझ्या बापाचं नाव होतं ते."

राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. पण चालेल, मालेश, असंही ते म्हणाले नाहीत. काकूंनी विषय बदलला, जेवायचा आग्रह केला. मी जेवलो. बोंबलाचं कालवण होतं.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. मंडळाचे कार्यक्रम अजून होतात. मी जातो, सतरंजी घालण्यापासून स्टॉल लावण्यापर्यंत मदत करतो. त्या हॉलमध्ये मी अजून काही बोललेलो नाही. पावसाळा सरता सरता मॅगीकाकूंचा फोन आला, काका गेले.

वसईला त्यांना भेटून त्या दुपारी निघताना रिक्षा वाडीच्या तोंडाशी वळत होती, तेव्हा मी मागे पाहिलं. काकांनी डाव्या हातात कोरणी धरली होती. काकू समोर स्टुलावर बसून दोन्ही हातांनी पितळेचा तुकडा धरून होत्या. कोरणी घसरत होती, आणि काकू पितळ पुन्हा सरळ करून त्यांच्यापुढे धरत होत्या.